उभा घेवडा

ईव्हशमबाहेर अर्धा एकर,
हेझलच्या सहाशे काठ्या,
काठीमागे दोन बिया:
एक माझी, एक गोगलगाईची.

हेडली म्हणाला होता, घेवडा उभा लाव,
भुईचं भाडं लागतं,
आभाळाचं अजून नाही.

वाऱ्याने सुटलेले वेल मी
हौसेने काठीला गुंडाळले, उलटीकडून.
सकाळी सगळे सुटून लोंबत.
वळण असतं बियाणातच.

दिवसाआड तोडणी. एक रविवार चुकला
आणि ऑगस्टातच शेंगा जून.
बाजारात म्हातारी शेंग मोडून बघते,
कट्कन आवाज आला तरच पाकीट उघडते.

काठ्या, सुतळी, डिझेल वजा जाता
चारशे बारा पौंड.
आणि शेंड्याला, हात न पुरलेल्या,
वाळून खुळखुळणाऱ्या त्या शेंगा
वहीत कुठल्या बाजूला मांडू?