फुटामागं एक सूत

सोमवार. उद्यमनगराला सुट्टी,
लेथ गप्प, शटरं निम्मी खाली,
आणि रंगराव मेस्त्री सीपीयू पोटाशी धरून
माझ्या दुकानाच्या पायरीवर.
मागनं नातू, पृथ्वीराज, खिशात पेनड्राइव्ह.
"बसा मामा, आलो," म्हटलं मी,
आणि बशीतला चहा संपवला.

ट्रे टाचणीनं उघडला.
आत फौंड्रीची काळी वाळू,
चिमूटभरच, पण ड्राइव्ह मारायला पुरेशी.
"दुसरा ड्राइव्ह न्हाई मिळत आता या मॉडेलचा."
"मग सॉफ्टवेअर चढायचं कसं?
सीडी घालायची कुटं?"

माझ्या फळीवर कोऱ्या डीव्हीडींची चळत आहे,
पन्नासातल्या एकेचाळीस.
नऊ नेल्या उचगावच्या एकानं
शाळूवरची पाखरं हाकायला.
त्यानंतर कुणी विचारलं नाही.

"बर्न करावी लागतच न्हाई, आजोबा," पृथ्वीराज म्हणाला.
"बर्न म्हंजे?"
"जाळणं."
"मग बरं झालं," रंगराव म्हणाले,
"जाळायचं काम भट्टीचं."

दोन फायली. शेपटीला आयएसओ.
पहिलीवर उजवी टिचकी, माउंट,
आणि पडद्यावर एक चकती उगवली,
एफ नावाची,
नसलेल्या खोबणीत नसलेली चकती,
तिच्यात फोल्डर, फोल्डरात सेटअप.
"कॉम्प्युटरला वाटतंय, सीडी घातलीय," मी म्हटलं.
"म्हंजे आपण फशिवलं त्याला?"
मी जरा थांबले.
"व्हय. पण त्याच्या भल्यासाठी."

त्यांनी बंडीच्या खिशातनं पट्टी काढली.
पितळी, कडा झिजलेल्या.
"ही बी खोटं बोलतीया. चाळीस वर्सं.
हिचा फूट फुटापेक्षा एक सूत मोठा.
बीड निवलं की आकसतं,
म्हणून लाकूड आधीच वाढवून कापायचं.
खरी पट्टी घेतलीस तर पंप बारका हुतोय."

एकोणसाठ टक्क्यांवर सगळं अडलं.
दुसरी चकती घाला, म्हणाला पडदा.
पृथ्वीराजनं घाईनं दुसरी फाइल माउंट केली,
ती जाऊन बसली जी मध्ये,
आणि सेटअप आपला एफ चं दार वाजवत राहिला.
चकती घाला.
चकती घाला.
रंगराव मला बघतात, मी पंख्याला.
मग सुचलं : दोन्ही उतरवायच्या,
आणि दुसरी एकटीच चढवायची,
म्हणजे तिला पहिलीचीच जागा मिळते.
"वरची पेटी, खालची पेटी," मामा पुटपुटले,
"खुंट्या जुळल्या पायजेत."

साठ. एकसष्ट.
समोरच्या वेल्डिंगवाल्याचं कुत्रं दारात येऊन झोपलं.
शंभर.

मी एफ वर गेले, इजेक्ट दाबलं.
चकती नाहीशी.
सॉफ्टवेअर जागच्या जागी,
पडदाभर राखाडी चौकटी, कोपऱ्यात तीन बाण.
मामा वाकून बघत राहिले, चष्मा कपाळावर.
"पॅटर्न असाच काढायचा," म्हणाले,
"वाळूला कळता कामा न्हाई."

नातवानं मग एक रेघ ओढली, हौसेनं,
तीनशे मिलिमीटर.
रंगरावांनी पितळी पट्टी थेट काचेवर ठेवली.
"झूम असतोय आजोबा, तसं मोजायचं न्हाई."
"ते असू दे.
ह्यात ते सूत कुटं टाकायचं?"

पृथ्वीराजनं एक मेनू उघडला.
मग दुसरा.
मी पण माउस हातात घेऊन बघितला,
स्केलमध्ये, युनिटमध्ये, तळच्या हेल्पमध्ये.
कुठंतरी असणारच, मी म्हटलं.

"सापडंल की," म्हणाले मामा.
दोनशे रुपये मोजून काउंटरवर ठेवले,
सीपीयू नातवाच्या हातात दिला
आणि पट्टी त्याच्या शर्टाच्या खिशात खोचली.
"तवर ही ऱ्हाऊ दे तुझ्याकडं."