उलट क्रमाने

मोहिद्दीनचाचा बोटीवर इंजिनात तेलवाला.
साउथहॅम्प्टनला बोट लागली की
गोदीबाहेरच्या जुन्या बाजारातून
एक कॅसेट आणायचा, दर वेळी त्याच माणसाची.
दुसऱ्या कुणाची का नाही, विचारलं तर म्हणायचा,
ओळखीच्या घरी जेवावं.

माणसाचं नाव कॉलिन थ्रेशर.
दाभोळात हे नाव भात झोडायच्या यंत्राचं.

जुन्या बाजारात जे सापडेल ते.
म्हणून पहिली आली ती त्याची शेवटची:
पन्नाशीचा आवाज, एकटी गिटार,
आणि मध्येच खोकला, तो कुणी काढून टाकलेला नाही.
मी नऊ वर्षांचा. मला वाटलं,
इंग्लंडात गाणं म्हणजे
म्हाताऱ्याने पडवीत जाळं विणता विणता
स्वतःशी बोलणं.

दोन वर्षांनी दुसरी.
तिच्यात ड्रम होते, पण लांब,
खाडीपल्याड धोपाव्यात लग्न असावं तसे.
कव्हरवर दाढी, आत बायकोचे आभार.
तिसरीवर बायको वेगळी.
बोटांवर उलटं मोजलं तेव्हा कळलं,
ही आधीची.

पावसात टेपला बुरशी धरायची.
पाऊस सरला की अम्मी सोड्यांच्या चटईवर
कॅसेट मांडायची, उलथीपालथी करायची,
"तुझा इंग्रज वाळला बघ."
तिसरीला अजून सोड्यांचा वास आहे.

मी अठराचा झालो तेव्हा तो पंचविशीत होता.
चार पोरं, एकाच न्हाव्याकडची,
आणि गिटारी अशा की
कौलावरचं मांजर पांगारकरांकडे राहायला गेलं.
त्यांना ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं:
ड्रमवाला भांडून जाणार,
मधल्या सात वर्षांची कॅसेटच निघणार नाही,
शेवटी खोकला.
वरातीत नाचणाऱ्या पोराकडे
वैद्याने बघावं, तसा मी ऐकायचो.

चाचा ऐकायचा नाही.
इंजिनाने त्याचे कान केव्हाच खाल्ले होते.
तो टेपरेकॉर्डरवर तळवा ठेवून बसायचा.
एकदा आपणहून म्हणाला, मोठ्याने, बहिऱ्यासारखा:
"गोदीच्या पायरीवर बसला होता, गिटार मांडीवर.
मी बिडी दिली. एवढा खोकला, एवढा खोकला!
मग वर्षाने भिंतीवर त्याचा फोटो."

त्याच्या आधीचं काही मिळालं नाही.
म्हणतात, एक छोटी तबकडी होती, दोन गाण्यांची.

आता मी फेरीबोटीच्या खिडकीत तिकिटं फाडतो.
फोनवर सगळा थ्रेशर मिळतो, सालवार, रांगेत,
तरुण आधी, म्हातारा नंतर.
तसा मला तो ऐकवत नाही.

धोपाव्याच्या फेरीत गाड्या उलट्या चढतात.
पोऱ्या मागे उभा राहून ओरडतो, येऊ दे, येऊ दे, बस.
नवखे चिडतात.
त्यांना सांगावं लागतं,
पलीकडे तोंड सरळ निघतं.