रोका

आयवालिकला या भाजीचं नाव रोका,
आणि ती काही कुणाला रोखता येत नाही.

फिक्रियेनं दह्याच्या रिकाम्या डब्यांना
तापल्या खिळ्यानं भोकं पाडली,
बी राखेत कालवून भुरभुरलं.
हात हल्ली थरथरतो,
राख नसेल तर अख्खी चिमूट एकाच जागी सांडते.

चौथ्या दिवशी दोन-दोन पानं,
पत्त्यातल्या बदामासारखी.
दहाव्या दिवशी त्यांत सुईची भोकं.
काळे, बारके, टिचकीसरशी उडणारे किडे.
तिनं पेटीतून लग्नातली जाळीची ओढणी काढली,
डब्यांवर ताणून बांधली.
म्हणाली, चाळीस वर्षं निजलीस. लाग आता कामाला.

कापणी कात्रीनं,
बुडापासून दोन बोटं सोडून.
मधला कोंब राखला की पुन्हा फुटते.
खालच्या मजल्यावर तुर्गाय, पहाटेच्या बोटीवरून आलेला.
दोरीची टोपली जुडी घेऊन उतरते,
चार तारल्या घेऊन चढते, अजून चमकणाऱ्या.
भाव कधी ठरला नाही.
बोलणंही नाही.

जूनमध्ये ऊन चढलं.
पानं तिखटजाळ झाली, तुरे आले,
फिकट फुलं, जांभळ्या शिरांची.
अशी भाजी कुणी देतं का?
तिनं दिली.
टोपली वर आली ती रिकामी,
तळाशी सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा:
“जीभ भाजली. अजून आहे का?”

शेंगा वाळायला ठेवल्यात आता.
एक डबा सोडून.
ओढणीला मोहरीसारखा वास येतो,
ती धुवायची राहिलीय.