एका ‘त’ची नोंद

दर दुसऱ्या गुरुवारी मी लातूरहून निलंग्याला येते.
सरकारी रुग्णालय, खोली क्रमांक नऊ.
पूर्वी इथं एक्स-रे धुवायचे,
म्हणून खिडकीची काच अजून काळी आहे
आणि भर दुपारीही बल्ब लावावा लागतो.

रेवणसिद्ध. वय सात वर्षं, दोन महिने.
कान ठीक. टाळू ठीक. जीभ ठीक.
कागदावर इतकं सगळं ठीक असलेलं लेकरू
आईला सांगतं, “मांजर… पेटी.”
मांजर पेटीत आहे, पेटीवर आहे,
की पेटीनंच मांजराला काही केलं,
ते महानंदाबाईंनी उठून बघायचं.
त्या सात वर्षं उठून बघतायत.

बाप शिवलिंग जळालेल्या मोटारी भरतो.
बोटांना वॉर्निशचा वास.
“म्याडम, बोलत नाई, पर डोस्कं लई हाय बगा.
तारंचे येढे बघत बसतंय दिस दिस.
देव एका हातानं नेतंय, दुसऱ्या हातानं देतंय.”

मी लाल-पांढरे ठोकळे काढले, चित्राचं कार्ड ठेवलं.
तीन ठोकळे नीट बसले.
चौथ्याची तिरपी रेघ उलटीकडं गेली.
त्यानं ठोकळा फिरवला, कार्ड फिरवलं,
मग स्वतःची मान फिरवली.
पुढच्या चित्रात तर चौकोनच मोडला.

मी घड्याळ बंद केलं.
शिवलिंगच्या तोंडाकडं बघितलं नाही.
देवाचा दुसरा हात त्याला आत्ताच
रिकामा दिसला होता.

कसं सांगू त्याला,
की डोक्यात अशा दोन कणग्या नसतात,
एक रिती म्हणून दुसरी भरलेली.
‘खाली’ हा शब्द आणि खालची जागा
कधी कधी एकाच अंगणात वाढतात,
एकाला ताप आला की दुसराही जेवत नाही.
कधी कधी. सगळ्यांचं तसं नसतं.
मी म्हटलं, “बसा. चहा घेता का?”

पुढच्या वेळी कार्डं पिशवीतच ठेवली.
त्याच्या जेवणाचा डबा पुसून घेतला.
ठोकळा डब्यात. ठोकळा डब्यावर. ठोकळा डब्यामागं.
हे म्हणताना पहिल्यांदा मला ऐकू आलं,
डबा आधी जरासा वाकतो,
मगच त्याच्या पाठीवर काही ठेवता येतं.
मला हे कुणी शिकवलं नव्हतं.
त्याला मात्र एकेक वाक शिकावा लागणार होता.

“ठोकळा… डबा.”
“डब्यात.”
“डबा.”
वहीत एकेचाळीस रेघा.
ठोकळा तो बरोबर आत टाकायचा, झाकण लावायचा,
कानाशी धरून खुळखुळ ऐकायचा,
आणि बोट दाखवायचा.
बोट असल्यावर शब्दाची गरज कुणाला?

सोयाबीनच्या राशी होत्या, एक गुरुवार ते आलेच नाहीत.
दुसऱ्या गुरुवारी आले ते तिघंही, धुळीनं भरलेले.
ठोकळा त्यानं लपवला, आईनं शोधायचा.
ती म्हणाली, “कुठंय रे?”
आणि लाईट गेली.

त्या खोलीत लाईट गेली की काहीच उरत नाही.
बोट त्यानं दाखवलंही असेल,
कुणाला दिसणार?
पंखा थांबत थांबत थांबला.
बाहेर कुणीतरी केसपेपरसाठी भांडत होतं.

“डबा,” तो म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.
मग, वेगळाच, दुसऱ्या कुणाचा असावा तसा,
“त.”
आणि दोन्ही जोडून, घाईघाईनं, “डबात.”

“चुकलं व्हय?” अंधारातून शिवलिंग.
वहीत दोनच रकाने आहेत, बरोबर आणि चूक.
मी चाचपडत समासात एक ‘त’ लिहिला,
नंतर बघितला तर ओळ सोडून खाली घसरलेला.

महानंदाबाई उठल्या नाहीत.
बसल्या जागेवरून त्यांनी हात लांब केला,
झाकण वाजलं.