काय म्हणतात त्याला

बुधवारी संध्याकाळी दुकानाची मागची खोली आमची.
कांद्याची पोती, नूडल्सचे खोके,
उलट्या क्रेटवर बसलेले कोपेत्स्की सर
आणि माझ्या मांडीवर वीस पुस्तकांची यादी,
जिच्या कोपऱ्यात आईनं कोबीचा भाव लिहून ठेवलाय.
यादीच्या माथ्यावर माझं नाव: झिएप.
त्याच्यावरची टोपी आणि पोटाखालचा ठिपका
शाळा दरवर्षी विसरते.
सर पेन्सिलीनं लावतात, मगच चष्मा पुसतात.

चाळीस वर्षं ते छापखान्यात चुका वेचत होते.
एखाद्या अक्षरावरचा आकडा निसटला
तर रात्री झोप नसे.
मग परवाच्या हिवाळ्यात डोक्यातली एक बारीक नस अडली
आणि शब्दच निसटू लागले.
नामं तेवढी. क्रियापदं शाबूत.
"घाल ना ते… ते… ढवळतात, गोड होतं."
"साखर," मी म्हणते.
"साखर," ते म्हणतात आणि कपाकडे असे बघतात
जणू त्यांच्याच खिशातून पडली होती.

बोलायच्या परीक्षेला असला मास्तर?
शेजारच्या नेलपॉलिशवाल्या काकूंनी विचारलंच.
आई म्हणाली, तासाला एक जुडी पालक घेतात.

माझं उलट. मला सगळं पाठ.
चौथं पुस्तक, तीनशे पानं खोटं बोलणारा गिरणीवाला,
निवेदन प्रथमपुरुषी, रूपकं चार, शेवट पुराचा,
घडाघडा, नळ सोडल्यासारखं.
सर अंडी उकडायचं घड्याळ बंद करतात.
"सात मिनिटं. आणि तू एकदाही… ते… हवा आत…"
"श्वास."
"घेतला नाहीस."

"आता सांग, तो खोटं का बोलतो?"

टिपणांत हे नव्हतं.
माझी बोबडी वळते. घरची भाषा आणि शाळेची भाषा
एकमेकींकडे बोट दाखवून गप्प.
पडद्यापलीकडे बाबा सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकाला
तिसऱ्याच भाषेत सांगतायत,
थंडी कुठाय यंदा, काही नाही,
आणि मोड मोजणारी त्यांची बोटं निळी पडलीत.

"थांब," सर म्हणतात. "बसून राहा.
ते येतं. चालत येतं. लांबून."
काय येतं, ते त्यांना आठवत नव्हतं.
या वेळी मीही पुरवलं नाही.

मे महिन्यात हिरवं कापड घातलेलं टेबल,
परीक्षकांसमोर हॅमचे तुकडे लावलेले पाव,
कापडी पिशवीत माझा हात.
अकरा.
विहिरींवर कविता लिहिणाऱ्या बाईचं पुस्तक,
जे आम्ही एकाच बुधवारी, तेही निम्मं वाचलं होतं.
पंधरा मिनिटं घाम गाळायच्या खुर्चीत
मी एका ओळीच्या मधली मोकळी जागा बघत बसले.
दोन बोटं रुंद. छपाईची चूक नव्हे,
ते मला कळतं आता.

"इथे काय आहे?" त्यांनी नेमकं तेच विचारलं.
मी काहीच बोलले नाही.
एकीनं पाव खाली ठेवला.
एकानं घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिडकीकडे.
मला दिसत होता कांद्याच्या पोत्याशी
अर्धवट उघडा एक तोंडाचा कोपरा.
"इथे," मी म्हटलं,
"तिला माहीत आहे. फक्त अजून आलेलं नाही."

दोन मिळाले. एक मिळाला असता तर बरं,
असं आईनं फोनवर हनोईला सांगितलं.

बुधवारी सरांनी विचारलं, कितवा?
"अकरा."
"अरे वा, ती… विहीर!" आणि स्वतःच दचकले,
पुन्हा म्हणाले, विहीर, विहीर,
घराची किल्ली सापडावी तसे.
मग निघताना मी पुढे केलेल्या जुडीकडे पाहून
ओठ हलले त्यांचे. "ते… हिरवं… काय म्हणतात त्याला…"
दारात गिऱ्हाईक घंटी वाजवत होतं.
मी जुडी हातात धरून उभी राहिले.