खिडकी क्रमांक तीन

आमच्या छपरावरून विमानं इतकी खालून जातात
की बोलणं मध्येच थांबवावं लागतं.
समोरचा विद्यार्थीही थांबतो,
बोट अर्जावर तसंच ठेवून.
आवाज गेला की आम्ही दोघं
पुन्हा त्याच रकान्यावर येतो.

कलिना. परदेशी विद्यार्थी, पात्रता व समकक्षता.
एकवीस वर्षं मी इथं ठरवतो
की तिकडची बारावी म्हणजे आपली कितवी.
बुजुंबुरा नकाशावर दाखव म्हणाल तर जमणार नाही,
पण तिथल्या गुणपत्रिकेवरचा जांभळा शिक्का मी ओळखतो,
आणि वीसपैकी चौदा म्हणजे तिकडे
पेढे वाटण्याजोगे मार्क, हे पाठ आहे.

तेशोमे संख्याशास्त्राला आला, दोन स्वेटर घालून,
कुणीतरी त्याला सांगितलं होतं डिसेंबर आहे म्हणून.
सोनम चोदेन कायद्याला.
व्हिएतनामची एक भिक्खुणी पालीसाठी आली,
झोळीत फी रोख, रबरबँड लावलेली;
रोख घेत नाही म्हटल्यावर
तिनं पुन्हा मोजली, जणू चूक आकड्यातच असणार.
‘हाच विषय का’ असा रकाना अर्जात नाही.
असता तर मी जेवायला उठलोच नसतो.

घरी कुमुद विचारते, आज कुठलं?
बाजारातून आणलेल्या भाजीबद्दल विचारावं तसं.
मी म्हणतो, मलावी.
ती म्हणते, त्यांच्यात भात असतो का?
मी म्हणतो, विचारतो उद्या.
विचारतोही.

फरिश्ता हेरातची. औषधनिर्माणशास्त्र,
तिसऱ्या वर्षाच्या निम्म्यावर.
नियमाप्रमाणे आधीच्या कॉलेजचा स्थलांतर दाखला लागतो.
ती म्हणाली, सर, ते दारातून आत घेत नाहीत,
दाखला कोण देईल?
मी फाइल नामंजुरीच्या गठ्ठ्यात टाकली नाही,
‘प्रलंबित’ लिहिलं.
म्हणजे काय, तिनं विचारलं.
सांगणार होतो, लटकलेलं.
नेमकं वरून विमान गेलं.
तेव्हापासून ती दर मंगळवारी येते,
आणि तो एकच शब्द अगदी स्वच्छ उच्चारते.

मग या जूनमध्ये मॉरिशसची ती मुलगी.
नाव: रोशिनी. आडनाव: भिवाजी.
म्हटलं, अहो, हे तर नाव झालं, आडनाव लिहा.
“वाईच थांबा,” ती म्हणाली,
आणि माझा पेन थांबला,
या खिडकीतून कुणी असं बोलत नाही.
पणज्याचा पणजा जहाजात चढला तेव्हा
नाव विचारलं, त्यानं नाव सांगितलं,
लिहिणाऱ्यानं ते भलत्या ओळीत लिहिलं.
तेव्हापासून आम्ही सगळे भिवाजी.
रत्नागिरीकडचा होता म्हणतात.
आडनाव काय होतं, ते कुणालाच ठाऊक नाही.

मराठी शिकायला आलीस?
“नाही. सागरी जीवशास्त्र.
मराठी घरी आहे.”

दुपारभर तो लिहिणारा माझ्या डोक्यातून जाईना.
वाईट नसावा.
मागे रांग असेल, दौतीत शाई आटली असेल,
वरून कुणी ओरडत असेल, आटपा.
माझ्यासारखाच, चष्मा कपाळावर ठेवून
चष्मा शोधत असेल.
एक ओळ चुकली, एवढंच.
एवढ्यानं एक अख्खं आडनाव समुद्रात गेलं.

मी तिच्या अर्जावर ‘भिवाजी’ लिहिलं, आडनावाच्याच रकान्यात,
शाळेत पाटीवर काढायचो तसं, वेलांट्या सांभाळून.

आज मंगळवार.
फरिश्ताची फाइल खालून वर काढली
आणि टिपणी लिहिली, कुणी सांगितलेली नसताना:
‘आधीचे महाविद्यालय सदर विद्यार्थिनीस ओळखत नाही.
हे कार्यालय तिला ओळखते.
मा. कुलसचिवांकडे निर्णयार्थ सादर.’
वाचून पाहिलं. भाषा ऑफिसची वाटली नाही.
तरी खोडली नाही.

साहेबांची सही अजून व्हायची आहे.
ती बाकावर बसलीय, पिशवी मांडीवर,
काचेतून माझ्याकडे बघत.
वरून एक विमान चाललंय,
आम्ही दोघं थांबलोय.