पौर्णिमेचा तंबू

तीन दिवसांचा तंबू, लौरीबिनाच्या वर, उतारावर.
दोन गाद्या, एक सिलिंडर,
बोटाला लावायचा चिमटा.

जनकपूरची बाई आली, ओठ जांभळे,
नखांवर सणाचा लाल रंग.
चिमट्याला काही वाचता येईना.
मी एक नख पुसलं, ती रडली
त्या नखासाठीच.
अठ्ठावन्न.
नवरा म्हणाला, कुंड आता तासाभरावर राहिलंय.
खाली उतरा, म्हटलं, देव काही कुठे जात नाही.
हे वाक्य सकाळपासून एकविसाव्यांदा.
डोक्यात बसवून तिला नेणारा हमाल
धापा टाकत होता;
त्याचं बोट कुणी मागितलं नाही.
मीही नाही.

अंधारल्यावर मेन्दो वाइबा आली,
पाठीवर नातू, त्याच्या कानातून पू.
कधीपासून?
माघापासून.
माघ, फाल्गुन, चैत्र... मी बोटं मोजायला लागलो.
तिने पोराची टोपी सारखी केली :
तुम्ही श्रावणातच येता ना.

थेंब दिले, बाटलीवर दोन खुणा केल्या,
एक सूर्याची, एक चंद्राची.
तिने पदरातले उकडलेले बटाटे टेबलावर ठेवले,
अजून गरम.

जाताना तंबूची एक सैल दोरी
तिने दगडाला पुन्हा घट्ट बांधली.